अव्वाला जे झालं ते आईला होईल का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "आम्ही सोलापूरच्या पूर्व भागात राहतो, घरात तेलुगू बोलतो. आई ६६ वर्षांची. शाळेत गेली नाही. लग्नाआधी कारखान्यात कांड्या भरायची, नंतर तीस वर्षं विड्या वळल्या. तिची आई, म्हणजे आमची अव्वा, शेवटची पाच-सहा वर्षं कुणाला ओळखत नव्हती. आता आई एकच गोष्ट तीन-तीनदा विचारते. अमेरिकेतला भाऊ म्हणतो की नव्या संशोधनाप्रमाणे ४५ टक्के डिमेन्शिया टाळता येतो, भारतीयांत तो तसाही कमीच असतो, पण खात्रीसाठी आईची जीन टेस्ट करून घ्या. मी ४१ वर्षांचा आहे, टॉवेलच्या कारखान्यात मागावर काम करतो. काय समजायचं?"

भावाच्या तीन विधानांपैकी पहिलं खरं आहे, पण ते आईपेक्षा तुम्हाला जास्त लागू पडतं. दुसरं घाईचं आहे. तिसऱ्यात पैसे जातील आणि आईच्या उपचारात काडीचा फरक पडणार नाही.

४५ टक्क्यांचा आकडा 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या आयोगाचा आहे. या आयोगाने २०१७ साली टाळता येण्याजोगी नऊ कारणं मांडली, २०२० मध्ये ती बारा झाली आणि २०२४ मध्ये चौदा. शेवटच्या दोन भरती म्हणजे मध्यमवयातलं वाढलेलं वाईट कोलेस्टेरॉल आणि उपचार न केलेली अधू नजर, उदाहरणार्थ न काढलेला मोतीबिंदू. बाकी यादीत कमी शिक्षण, बहिरेपण, बीपी, शुगर, धूम्रपान, दारू, लठ्ठपणा, बैठं आयुष्य, नैराश्य, एकटेपणा, डोक्याला मार आणि हवेचं प्रदूषण. सगळ्यांत जड वाटा बहिरेपणाचा आणि कोलेस्टेरॉलचा, प्रत्येकी ७ टक्के. त्याखालोखाल कमी शिक्षण आणि एकटेपणा, ५-५ टक्के.

हा आकडा कसा वाचायचा ते तुम्हाला तुमच्याच कारखान्यातल्या भाषेत सांगतो. महिन्याभरात शंभर टॉवेल खराब निघाले आणि हिशेब लावल्यावर कळलं की त्यातले पंचेचाळीस सुताच्या दोषामुळे गेले. मालकाला हे फार उपयोगी, कारण सूत बदललं की पुढचं नुकसान वाचतं. पण तुमच्या हातात असलेला हा एक खराब टॉवेल सुतामुळे गेला की मागामुळे, ते त्या आकड्यावरून कळत नाही. आणि विणून झालेला टॉवेल सूत बदलून दुरुस्त होत नाही. आयोगाचा हिशेब असाच अख्ख्या समाजाचा आहे. आईला डिमेन्शिया व्हायची शक्यता ४५ टक्के, किंवा काळजी घेतली तर ती ४५ टक्क्यांनी कमी, असले दोन्ही अर्थ चूक.

शिवाय वाटे सगळीकडे सारखे नसतात. नऊच कारणं धरून २०१९ मध्ये देशवार हिशेब झाला, तेव्हा भारतात टाळता येण्याजोगा भाग सुमारे ४१ टक्के निघाला आणि लॅटिन अमेरिकेत जवळपास ५६. ज्या समाजात शाळाच नव्हती तिथे शाळेचा वाटा मोठा, जिथे लठ्ठपणा घरोघरी तिथे त्याचा.

आता 'भारतीयांत कमी असतो' याबद्दल. ही समजूत आकाशातून पडलेली नाही. नव्वदच्या दशकात हरियाणातल्या बल्लभगडच्या खेड्यांत भारत आणि अमेरिका यांचा मोठा संयुक्त अभ्यास झाला. तिथे अल्झायमरचं, म्हणजे डिमेन्शियाच्या सगळ्यांत जास्त आढळणाऱ्या प्रकाराचं, प्रमाण जगात नोंदलेल्या सगळ्यांत कमी प्रमाणांपैकी एक निघालं. ज्या जीनची भाऊ चाचणी करायला सांगतो आहे, त्या अल्झायमरचा धोका वाढवणाऱ्या एपीओई-४ चं प्रमाणही तिथे अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियाच्या गटापेक्षा कमी होतं. झालं, भारतीय रक्तात काहीतरी संरक्षण आहे, हळदीत आहे, एकत्र कुटुंबात आहे, अशी वाक्यं पुढे वीस वर्षं फिरली. मीही व्याख्यानांत म्हटली आहेत.

मग देशभरातल्या साठीपुढच्या लोकांच्या 'लासी-डॅड' अभ्यासाचे आकडे २०२३ मध्ये आले: ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं. पुरुषांपेक्षा बायकांत जास्त, शहरांपेक्षा खेड्यांत जास्त. २०३६ पर्यंत ही संख्या १ कोटी ६९ लाखांवर जाईल असा त्यांचा अंदाज आहे. मधल्या काळात आपलं रक्त बदललं नाही. माणसं जास्त जगू लागली, शुगर-बीपी वाढलं, आणि मोजायची पद्धतही बदलली. पूर्वीच्या अभ्यासांत रोजच्या कामात अडचण येते का, हे घरच्यांना विचारून ठरवत. सून हातात ताट देते, नातू हात धरून नेतो, अशा घरात अडचण येणार कुठून? 'साठी बुद्धी नाठी' हे आपल्याकडे निदान नाही, निकाल आहे. तो लागला की पुढे कुणी तपासायला नेत नाही.

रक्ताचा सिद्धांत आणखी एका ठिकाणी अडतो. उत्तर कॅलिफोर्नियातल्या एका मोठ्या आरोग्यसेवेच्या पावणेतीन लाख सदस्यांवर २००० ते २०१३ लक्ष ठेवलं गेलं. वर्षाला हजार माणसांमागे नवे डिमेन्शियाचे रुग्ण कृष्णवर्णीयांत २६.६, गोऱ्यांत १९.३ आणि आशियाई लोकांत १५.२. आशियाईंतले दक्षिण आशियाई, म्हणजे आपण, गोऱ्यांपेक्षा खालीच होतो. तुमच्या भावाने बहुधा हेच कुठेतरी वाचलं असावं. पण इंग्लंडमध्ये बघा. तिथले डिमेन्शिया झालेले दक्षिण आशियाई गोऱ्या रुग्णांपेक्षा सरासरी सुमारे तीन वर्षं आधी मरतात आणि त्यांचं निदानही लहान वयात होतं. एकाच उपखंडातली माणसं, दोन देश, दोन चित्रं. कॅलिफोर्नियात पोचलेला आपला माणूस बहुतेक वेळा डिग्री आणि पगार घेऊन गेला. इंग्लंडमध्ये पूर्वीच्या पिढीतले अनेक जण गिरण्यांत आणि भट्ट्यांत राबायला गेले. सोलापुरातल्या माणसाला गिरणीचं आयुष्य काय असतं ते मी वेगळं सांगायला नको.

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचंही तसंच. एपीओई-४ त्यांच्यात गोऱ्यांपेक्षा कमी परिणाम करतो असं दिसलं आहे, तरी रोग जास्त. वेगळ्या आणि निकृष्ट शाळा, लहान वयात सुरू होणारं बीपी, उशिरा मिळणारा डॉक्टर, हा सगळा हिशेब सत्तरीत वसूल होतो. उलट बोलिव्हियाच्या जंगलातले त्सिमाने लोक शाळेत फारसे जात नाहीत, पण दिवसभर चालतात, शिकार-शेती करतात, रक्तवाहिन्या तरुण ठेवतात. त्यांच्यात साठी-पासष्टीपुढेही डिमेन्शिया जेमतेम एक टक्का. म्हणजे शाळा नसली की डिमेन्शिया ठरलेलाच, असंही नाही. तुमच्या आईबाबत हे लक्षात ठेवा.

इथे थोडं थांबतो, कारण या विषयातली सगळ्यांत मोठी विषमता मला ओपीडीतल्या खुर्चीवर दिसते, ती म्हणजे चाचणीची.

स्मरणशक्तीची नेहमीची तीस गुणांची चाचणी शाळा शिकलेल्यांसाठी बनलेली आहे. आजची तारीख सांगा, शंभरातून सात-सात वजा करा, एक वाक्य लिहा, एकात एक गुंतलेले दोन पंचकोन काढा. जिने आयुष्यात पेन्सिल धरली नाही तिने पंचकोन कुठून काढायचा? बल्लभगडच्या चमूने हे ओळखून हिंदीत वेगळी चाचणी तयार केली. त्यात वाक्य लिहिण्याऐवजी 'तुमच्या घराबद्दल काहीतरी सांगा' असं विचारतात. पूर्व भागातल्या आजीला मात्र मराठीतून प्रश्न विचारायचा, तिने तेलुगूत मनात जुळवायचा आणि मोडक्या मराठीत उत्तर द्यायचं. अडखळली की एक गुण गेला.

मी स्वतः हे केलेलं आहे. प्रॅक्टिसच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत साठीची एक बाई आणली होती. तीसपैकी अकरा गुण. मी मुलाला सांगून टाकलं, डिमेन्शिया आहे, आता असंच चालायचं. सहा महिन्यांनी तीच बाई दुसऱ्या कारणासाठी आली तर चांगली बोलत होती. मधल्या काळात कुणीतरी दोन्ही कानांतला मळ काढला होता, आणि या वेळी सोबत तिची तेलुगू बोलणारी बहीण होती. तेव्हापासून मी तारीख विचारत नाही. हप्ता कोणत्या वारी मिळतो, गेल्या आठवड्यात किती छाट, म्हणजे नापास विड्या, निघाली, पुडा बांधताना विड्या मोजायला हल्ली वेळ लागतो का, हे विचारतो. जी बाई डोळे मिटून हजार विड्या वळायची तिची छाट अचानक वाढली असेल, तर ते तीस गुणांच्या कागदापेक्षा मला जास्त सांगतं. तुमच्या आईने काम सोडलं असेल तर भाजीत मीठ दोनदा पडतं का, रेशनचे पैसे मोजताना गोंधळते का, रोजच्या बोळात वाट चुकली का, हे बघा. एकच गोष्ट तीनदा विचारणं एवढ्यावरून मी काहीच म्हणणार नाही. पहिल्या वेळचं उत्तर तिला ऐकूच आलं नसेल, हीही शक्यता आहे.

कानाचं प्रकरण सोलापुरात फार मोठं आहे. यंत्रमागाच्या शेडमध्ये आवाज सहज ९० डेसिबलच्या वर असतो. बारा तासांची पाळी, पत्र्याचं छत, कानात फार तर कापसाचा बोळा, जो आवाज जवळपास अडवतच नाही. पन्नाशीत कामगार घरी ओरडून बोलतो, टीव्ही मोठा लावतो, आणि मग हळूहळू बोलणंच कमी करतो. लग्नाला गेला तरी कोपऱ्यात बसतो. मेंदूवर तिथून दोन बाजूंनी मार बसतो: अस्पष्ट आवाज उलगडण्यात त्याची ताकद जाते, आणि माणसांत मिसळणं तुटतं. मशिन लावलं तर बुद्धीची घसरण मंदावते का, याची अमेरिकेत ९७७ वृद्धांवर चाचणी झाली, निकाल २०२३ मध्ये आला. सगळे मिळून पाहिले तर तीन वर्षांत फरक दिसला नाही. पण ज्यांना आधीपासून धोका जास्त होता, त्यांच्या उपगटात बुद्धीची घसरण ४८ टक्क्यांनी मंदावली. उपगटाचा निकाल म्हणून मी तो जपून वापरतो. तरीही कानाचं मशिन हे मेंदूचं औषध ठरो वा न ठरो, सासू-सुनेची निम्मी भांडणं मिटवतं, एवढं मी स्वतःच्या अनुभवावर लिहून देतो.

आता एक बातमी सोलापूरकरांच्या बाजूची. हैदराबादच्या निम्स रुग्णालयात ६४८ डिमेन्शिया रुग्णांचा अभ्यास झाला, २०१३ मध्ये तो प्रसिद्ध झाला. दोन भाषा बोलणाऱ्यांत लक्षणं एकभाषींपेक्षा साडेचार वर्षं उशिरा सुरू झाली होती, आणि निरक्षरांतही हा फरक दिसला. घरात तेलुगू, बाजारात मराठी, शेजारणीशी कन्नड, रिक्षावाल्याशी दखनी, असं जगणारी तुमची आई शाळेत न जाताही रोज मेंदूचा व्यायाम करत आली आहे. फार फुशारून जाऊ नका; दोनपेक्षा जास्त भाषांचा वेगळा फायदा त्याच अभ्यासात दिसला नाही, आणि धडधाकट माणसांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवणाऱ्या इतर अभ्यासांत हा परिणाम प्रत्येक वेळी सापडत नाही. पण सुनेशी, नातवंडांशी ती ज्या भाषेत रमते त्या भाषेत तिला बोलू द्या. 'मराठीत बोल गं' म्हणून गप्प करू नका.

बीपीकडे येतो. माझ्या मते गरिबांच्या डिमेन्शियावरचं गेल्या काही वर्षांतलं सगळ्यांत महत्त्वाचं काम चीनच्या खेड्यांत झालं. ३२६ गावं, बीपी ताब्यात नसलेले जवळपास ३४ हजार लोक. निम्म्या गावांत तिथल्या गावपातळीवरच्या आरोग्यसेवकांनी, मोठ्या डॉक्टरांनी नव्हे, ठरलेल्या पद्धतीने औषधं दिली, घरी बीपी मोजायला शिकवलं, पाठपुरावा केला. चार वर्षांत त्या गावांत डिमेन्शिया १५ टक्क्यांनी कमी. २०२५ मध्ये हे छापून आलं तेव्हा मला आपले डॉक्टर कोटणीस आठवले. १९३८ मध्ये सोलापूरचा डॉक्टर चीनला गेला होता. आता तिकडची ही पद्धत आपल्या आशाताईंच्या पिशवीतून इकडे यायला हरकत नाही. गोळ्या त्याच, सिव्हिलमध्ये मिळणाऱ्या, स्वस्त.

यात एक खोच आहे. जास्त नुकसान करतं ते चाळिशी-पन्नाशीतलं बीपी. डिमेन्शिया सुरू व्हायच्या आधीच्या काही वर्षांत बीपी आपोआप उतरू लागतं. म्हणून 'आईचं बीपी आता नॉर्मल आलं, गोळी बंद केली' हे ऐकून मी खूश होत नाही. गोळी कमी करायची की नाही ते डॉक्टरांना ठरवू द्या.

शुगरचं तसंच. पुण्यातल्या संशोधकांनी जन्मापासून मुलांचा मागोवा घेऊन दाखवलं की आपलं बाळ वजनाने लहान असलं तरी त्याच्या अंगात चरबीचं प्रमाण जास्त असतं. त्यामुळे काटकुळ्या दिसणाऱ्या भारतीयालाही शुगर होते. 'मी कुठे जाड आहे' हे उत्तर इथे चालत नाही. मशेरी आणि तंबाखू सोडा, हे मी प्रत्येकाला सांगतो आणि दहातले नऊ हसतात. हवेच्या बाबतीत सोलापूर देशातल्या मानकं न पाळणाऱ्या शहरांच्या यादीत आहे. त्यावर एकट्या माणसाला फार काही करता येत नाही.

नागिणीच्या लसीबद्दल हल्ली बरेच जण विचारतात, म्हणून एक परिच्छेद. वेल्समध्ये २ सप्टेंबर १९३३ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना ही लस मिळाली, आधी जन्मलेल्यांना नाही. फक्त जन्मतारखेच्या या रेषेमुळे दोन अगदी सारखे गट मिळाले, आणि लस घेतलेल्यांत सात वर्षांत डिमेन्शिया सुमारे २० टक्क्यांनी कमी दिसला, बायकांत जास्त. पुरावा हुशारीचा आहे. पण ती लस जुन्या प्रकारची होती, आता आपल्याकडे मिळते ती वेगळी आणि महाग. कर्ज काढून घ्या, असं मी कुणाला सांगत नाही.

जीन टेस्ट. एपीओई-४ असला तरी डिमेन्शिया होईलच असं नाही, नसला तर होणार नाही असंही नाही. त्याचा धोका किती हे वंशागणिक बदलतं आणि आकडे बहुतांश युरोपीय वंशाच्या लोकांवरून काढलेले आहेत. रिपोर्टमध्ये चार आला तर आईचा उपचार बदलणार नाही. तुमची आणि बहिणींची झोप मात्र जाईल. अव्वाबद्दल विचाराल, तर तिला नेमकं काय झालं होतं हे आज कुणीच सांगू शकत नाही. छोटे-छोटे पक्षाघात असतील, न तपासलेलं थायरॉइड असेल, अल्झायमरही असेल. पासष्टीनंतर सुरू झालेला डिमेन्शिया एका आजीला होता, एवढ्यावरून घराण्याचा रोग म्हणता येत नाही.

आईसाठी आधी काय करायचं ते सांगतो. कान बघून मळ काढून घ्या, मग ऐकण्याची तपासणी. डोळ्यांत मोतीबिंदू आहे का. रक्तात बी-१२, थायरॉइड, शुगर, सोडियम. बी-१२ ची कमतरता आपल्याकडे सर्रास आहे, आणि शुगरची मेटफॉर्मिन किंवा ॲसिडिटीची गोळी वर्षानुवर्षं चालू असेल तर जास्तच. ती भरून काढली की काही जण चांगले सुधारतात. झोपेच्या, चक्करेच्या, लघवीच्या गोळ्या चालू असतील तर त्या पिशवीसकट दाखवा, त्यांतल्या काहींनी विसराळूपणा येतो. गेल्या दोन-तीन महिन्यांत बाथरूममध्ये पडली होती का, हे आठवून बघा. डोक्यात हळूहळू रक्त साचलेलं असलं तर सीटी स्कॅनमध्ये दिसतं आणि त्यावर शस्त्रक्रिया असते. मन उदास आहे का, तेही. काम सुटल्यावर आणि नवरा गेल्यावर बायका गप्प होतात, त्याला घरचे विसरभोळेपणा म्हणतात. यातलं काहीच निघालं नाही तर मग डिमेन्शियाच्या पुढच्या तपासण्या.

आणि तुम्ही. ४१ हे वय या चौदांतल्या बहुतेक कारणांचं वय आहे. आईचा पट बराचसा विणून झाला आहे, तुमचा अजून मागावर आहे. शेवटचं बीपी कधी मोजलं होतं? कारखान्यातून सुटल्यावर कानात शिट्टी वाजते का? गाडीवर हेल्मेट आहे की आरशाला लटकवलेलं? मालकाकडे कान झाकायचे मफ मागा, नाही दिले तर औषधाच्या दुकानात फोमचे बोळे मिळतात. पाळीभर घाला, काढून खिशात ठेवू नका.

आईला घेऊन याल तेव्हा सकाळी या, दुपारी ती थकलेली असेल. तिच्याबरोबर दिवसभर असतं ते माणूस आणा, म्हणजे बहुधा तुमची बायको. सगळ्या गोळ्यांची पिशवी आणा. तेलुगू बोलणाऱ्या नर्सताई सोमवारी आणि गुरुवारी असतात. आईचं झालं की त्याच खुर्चीवर तुमचंही बीपी घेऊ.